खोक्यातला आराखडा

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फ्रीज बनतात, वॉशिंग मशीन बनतात, टीव्ही बनतात. एलजी, व्हर्लपूल, हायर ही नावं शिरूर तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत, कारण घरटी कुणी ना कुणी तिथल्या शिफ्टला जातं. फ्रीज बिघडला की फोन करायचा. कंपनीचा माणूस पाठीला हत्यारांची सॅक लावून मोटारसायकलवर दारात येतो. त्याच शिरूरच्या पेठेत स्टुडिओ थाटलेल्या फोटोग्राफरचा लाख-दीड लाखाचा कॅमेरा ऐन लग्नसराईत रुसला, तर मात्र दारात कुणी येत नाही. कॅमेऱ्यालाच उठून जावं लागतं. शिरूरहून एसटीने, दौंडहून डेमूने पुणं गाठायचं, आणि पुण्यात भागलं नाही तर खोक्यात बसून आणखी पुढे. कॅनन आणि निकॉन या दोन्ही जपानी कंपन्यांचं भारतातलं मुख्यालय दिल्लीला खेटून असलेल्या गुरुग्राममध्ये. तालुक्याच्या गावातून गुरुग्राम दिसत नाही. दिसतो तो पुण्यातल्या काउंटरवरचा मुलगा आणि त्याच्या हातातली जॉबशीट.

आणि कॅमेऱ्याचे हाल तर या पट्ट्यात फार. हळदीला आता हळद लावत नाहीत, उधळतात. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी दिली, मे २०२३ मध्ये राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि शिरूर-आंबेगाव-खेडच्या शर्यतीच्या घाटांत यात्रेच्या दिवसांत पुन्हा पाय ठेवायला जागा उरली नाही. बैलांची बारी सुटते तेव्हा फोटोग्राफर घाटाच्या कडेला गुडघ्यावर बसलेला असतो. बैल पुढे निघून जातात आणि मागून येणारा धुरळा, भंडारा, गुलाल सगळा त्याच्या अंगावर आणि लेन्सच्या रिंगांमध्ये. दौंडकडे गुऱ्हाळांची काजळी आहे, उसाच्या वाहतुकीची धूळ आहे. थंडीत उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला, रोहित पक्षी टिपायला निघालेल्या होड्या आहेत. हौशी माणूस सहाशे मिलिमीटरची लेन्स पोटाशी धरून काठाकाठाला झुकतो, तेव्हा होडीवाल्याला पक्ष्यांपेक्षा त्या लेन्सची धास्ती अधिक. पाणी, वाळू, धूळ यांनी झालेलं नुकसान हमीत बसत नाही, हे वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत छापलेलं असतंच.

सेन्सरवर धूळ बसली की नाही हे बघायची एक साधी रीत इथल्या पोरांना पाठ आहे. अ‍ॅपर्चर एफ-सोळावर न्यायचं, फोकस मुद्दाम बिघडवायचा आणि चुन्याच्या भिंतीचा किंवा निरभ्र आभाळाचा एक फोटो काढायचा. मग स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यापासून बघत यायचं. करडे, धूसर कडांचे ठिपके दिसले की समजायचं. गंमत अशी, की लग्नाच्या हॉलमध्ये उघड्या अ‍ॅपर्चरवर काम चालतं तेव्हा हे ठिपके दिसतच नाहीत. दिसतात ते बाहेर, भर उन्हात, प्री-वेडिंगच्या फोटोत, नवरीच्या डोक्यावरच्या निळ्या आभाळात. मग रबरी फुगा घेऊन हवा मारायची. त्यानेही गेले नाहीत तर पुणं.

आता अशा माणसाच्या लेखी चांगली सेवा म्हणजे काय? काउंटरवरचा थंडगार एसी नव्हे, पाण्याची बाटलीही नव्हे, आणि नंतर चार वेळा फोन करून ‘आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल’ असं विचारणं तर नव्हेच नव्हे. त्याचा प्रश्न एकच असतो: किती दिवस? आणि ‘पार्ट आला की कळवतो’ या उत्तरानंतरचा मनातला दुसरा प्रश्न: तोवर माझ्या तारखांचं काय?

हे दुखणं जुनं आहे. त्यावरचा कॅमेरा उद्योगातला पहिला मोठा तोडगा १८८८ सालचा, अमेरिकेतल्या जॉर्ज ईस्टमनचा. त्याचा पहिला कोडॅक कॅमेरा २५ डॉलरला मिळे, आणि आत शंभर फोटोंचा रोळ आधीच भरलेला असे. शंभर फोटो काढून झाले की गिऱ्हाइकाने अख्खा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. सोबत दहा डॉलर. कारखाना रोळ धुणार, फोटो छापणार, नवा रोळ भरणार आणि कॅमेरा घरपोच परत करणार. बटण तुम्ही दाबा, बाकीचं आमच्याकडे लागलं, अशा अर्थाची त्याची जाहिरात जगभर गाजली. तोवर फोटो काढणं म्हणजे काचेच्या प्लेटा, रसायनं आणि काळोखी खोली हे सगळं अंगावर घेणं होतं. ईस्टमनने गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचं ते ओझं उचललं. ही सेवा उत्तमच, पण त्या दिवसापासून कॅमेऱ्याच्या आत काय चालतं हे गिऱ्हाइकाने जाणून घ्यायचं कारण उरलं नाही. आजची जॉबशीट त्याच घराण्यातली.

दुसरं घराणं मराठी वाचकाला जवळचं आहे, फक्त त्याकडे ग्राहकसेवेची गोष्ट म्हणून कुणी बघितलेलं नाही. ते दादासाहेब फाळके यांच्या लंडनवारीचं.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके बोटीने निघाले. विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून पैसे उभे केलेले. लंडनमध्ये ओळखीचं कुणी नाही. ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते, एवढाच काय तो धागा. पिकॅडिली भागात त्या साप्ताहिकाची पाटी दिसली आणि ते सरळ आत शिरले. संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना परावृत्तच करून पाहिलं. हिंदुस्थानच्या हवेत चित्रपटाचा धंदा तगणार नाही असं त्यांचं मत होतं. पण माणूस हटत नाही म्हटल्यावर तेच त्यांना वॉल्टनच्या स्टुडिओत सेसिल हेपवर्थ यांच्याकडे घेऊन गेले. हेपवर्थ यांनी स्टुडिओचे सगळे विभाग उघडून दाखवले, चित्रीकरण कसं चालतं तेही दाखवलं. कोणता कॅमेरा घ्यावा, याचा सल्ला या दोघांचा. त्यावरून फाळक्यांनी पन्नास पौंडांना विल्यमसनचा कॅमेरा घेतला, कोडॅकच्या कच्च्या फिल्मची आणि फिल्मला भोकं पाडायच्या यंत्राची मागणी नोंदवली आणि १ एप्रिलला ते मुंबईत परतले.

कॅमेऱ्याचे कर्ते जेम्स विल्यमसन हे मूळचे औषधविक्रेते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर होव्ह गावात त्यांनी स्वतः चित्रपट काढले आणि पुढे ते काम सोडून यंत्रं बनवायला लागले. म्हणजे ज्याने कॅमेरा केला त्याने तो आधी स्वतः फिरवलेला होता. हे फार मोलाचं आहे. वापरलेल्या माणसाने केलेली वस्तू हातात घेताच ओळखू येते. आज कॅमेऱ्याच्या मेन्यूत पाच-पाच पायऱ्या उतरून एक साधं सेटिंग शोधताना याची आठवण हटकून होते.

मे महिन्यात यंत्रसामग्रीची खोकी मुंबईला येऊन पोचली. बरोबर कंपनीचा माणूस आला नव्हता, आणि येणार तरी कसा? बोटीचा प्रवास आठवड्यांचा. आला होता तो एक आराखडा, जुळणी कशी करायची ते दाखवणारा कागद. त्या कागदावरून फाळक्यांनी चार दिवसांत सगळी जुळणी केली. कच्ची फिल्म तेव्हा कोरी येई; कडेची भोकं आपणच पाडायची, तीही काळोखात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. ते काम सरस्वतीबाई शिकल्या. दिवसभराचा संसार उरकून अंधारात बसायचं, यंत्रात फिल्म सरकवायची, भोकं एका रेषेत आणि सारख्या अंतरावर पडली पाहिजेत. हाताच्या स्पर्शावर चालणारं काम. एखादं भोक चुकलं तर पडद्यावर चित्र थरथरणार.

आधी शेजारपाजारच्या मुलांवर कॅमेरा चालवून बघितला. मग कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज एक-एक चौकट टिपून, दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल होते, असा मिनिटभराचा ‘अंकुराची वाढ’ नावाचा चित्रपट केला. तो दाखवून पैसे उभे राहिले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. शाळेच्या पुस्तकात या गोष्टीत जिद्द असते, पत्नीची साथ असते, आणि ती खरीच आहे. पण त्या खोक्यातल्या कागदाचं नाव कुणी घेत नाही. दिवसाला एकच चौकट टिपायची तर यंत्राची कळ न् कळ हाताखालची पाहिजे. चार दिवस आराखडा समोर ठेवून सुटे भाग जोडणाऱ्यालाच ते जमतं. सामान दुकानातून जोडून आलं असतं तर वाटाण्याची कल्पना सुचली असती का, कोण जाणे.

आराखडा नसला तर काय करावं लागतं, तेही महाराष्ट्राने बघितलं. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या आतेमामेभावंडांनी कॅमेरा स्वतःच बनवायचं मनावर घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी सहकारी दामले यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास कॅमेरा उभा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला. केरळात आलप्पुळ्याला १९४० च्या दशकात असंच काहीसं घडलं. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका घराकडे एक स्टुडिओवाला कॅमेऱ्याचा फाटलेला भाता घेऊन आला. पेटीचा भाता आणि कॅमेऱ्याचा भाता, कातड्याच्या घड्या त्याच. भाता दुरुस्त झाला आणि त्या घरातल्या करुणाकरन यांनी पुढे सागवान आणि पितळ वापरून आख्खा कॅमेराच घडवला. ‘वागीश्वरी’ नावाने तो पुढची काही दशकं देशभरच्या स्टुडिओंत तिपाईवर उभा होता. दुरुस्तीवाल्यातून कारखानदार झाला, कारण काम समोर उघडं होतं.

मधला काळ आग्फा क्लिक-थ्रीचा. वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला तो काळा डबा मराठी मध्यमवर्गाच्या कितीतरी कपाटांत अजून असेल. एकशेवीसचा रोळ, बारा फोटो, बॅटरी नाही, मीटर नाही. बिघडण्यासारखं त्यात एक स्प्रिंग आणि एक पाती. शिरूरच्या बाजारातला घड्याळजी भिंग डोळ्याला लावून ते काम करू शके, आणि त्याला त्यासाठी कंपनीची परवानगी लागत नसे. ग्राहकसेवा नावाचा विभाग असो वा नसो, सेवा होत होती.

आजच्या कॅमेऱ्याला हे लागू करता येत नाही, हे कबूल केलंच पाहिजे. सेन्सर बसवताना तो लेन्सच्या तोंडाशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत समांतर लागतो. ते काम घड्याळजीचं नव्हे. तेव्हा आता कंपनीची परीक्षा दुसरीकडे होते: स्वतःची चूक असेल तर ती कधी आणि कशी मान्य करते.

निकॉनची दोन उदाहरणं एकापुढे एक ठेवण्यासारखी आहेत. सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या डी-६०० च्या सेन्सरवर काळे ठिपके उमटतात, अशी जगभरातून ओरड सुरू झाली. तेच ठिपके, एफ-सोळावर आभाळात दिसणारे. शिरूरच्या फोटोग्राफरला असे ठिपके दिसले तर तो बैलगाड्याच्या घाटाला बोल लावणार; कंपनीच्या शटरवर संशय घ्यायचं त्याच्या मनातही येणार नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने काढलेल्या सूचनेचा सूर ‘साफ करून घ्या’ असाच होता. कॅमेरा येऊन वर्ष सरलं. ऑक्टोबरमध्ये थोड्याशा फरकाने डी-६१० बाजारात आला, आणि ज्यांनी डी-६०० घेतला होता त्यांचा पारा चढला. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केलं: हमीची मुदत संपलेली असली तरी कॅमेरा आणा, तपासणी, सफाई आणि शटर बदलणं मोफत. पुढच्याच महिन्यात, १५ मार्चच्या ग्राहक दिनी, चीनच्या सरकारी वाहिनीने हे प्रकरण लावून धरलं आणि तिथे डी-६०० ची विक्री थांबवावी लागली.

त्यानंतरच्या डी-७५० च्या वेळी कंपनी शहाणी झालेली दिसते. सप्टेंबर २०१४ मध्ये कॅमेरा आला. उजेड समोर असताना फोटोत एक विचित्र सरळ कापलेली चमक येते, अशी तक्रार झाली आणि वर्ष संपायच्या आत ती मान्यही केली गेली. जानेवारीत मोफत दुरुस्ती सुरू. जुलै २०१५ मध्ये काही कॅमेऱ्यांच्या शटरमध्ये दोष निघाला, तेव्हा अनुक्रमांक टाकून आपला कॅमेरा त्यात आहे का हे बघायची सोय केली. पुढे त्या यादीत भर पडत गेली, पण पैसे मागितले नाहीत. चमकेची दुरुस्ती झालेल्या कॅमेऱ्याची खूण मोठी साधी होती: तळाशी तिपाईचा स्क्रू बसतो त्या भोकात एक काळा ठिपका.

हा काळा ठिपका खरा तालुक्याच्या कामाचा. कारण शिरूर-दौंडात नवी बॉडी घेणारे थोडे, पुण्या-मुंबईतल्या कुणी तरी वापरून सोडलेली घेणारे पुष्कळ. डी-७५० च्या शटरचं कंपनीने सांगितलेलं आयुष्य दीड लाख क्लिकचं, आणि एका लग्नात दोन-तीन हजार क्लिक सहज उडतात. म्हणून सौदा ठरवताना शटर काउंट आधी विचारतात. मग बॉडी उलटी करून मोबाइलचा टॉर्च त्या भोकात मारायचा. मूळ बिल हरवलेलं असतं, वॉरंटी कार्ड कुणाच्या नावावर होतं ते कुणालाच माहीत नसतं, पण ठिपका असला की चमकेचं काम कंपनीकडून झालेलं आहे हे कळतं. कागदाशिवाय तिसऱ्या-चौथ्या हातापर्यंत पोचलेली माहिती ती. विल्यमसनच्या आराखड्याशी तिचं नातं दूरचं असेल, पण आहे.

जपानी कंपन्यांनी केलेलं आणखी एक काम इथे सांगायला हवं, हमी आणि बिल यांच्या पलीकडचं. मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर चिखलात सापडलेले घराघरांतले फोटो वाचवायला फूजीफिल्मने आपली माणसं लावली. घाण पाण्यात जिवाणू फोटोवरचा जिलेटिनचा थर खातात, त्यामुळे दिवस गेले की चेहरे पुसले जातात. स्वच्छ पाण्यात फोटो हळूहळू सुटे करायचे, मऊ ब्रशने चिखल काढायचा आणि दोरीवर वाळत घालायचे, असं ते हातांचं काम. रिकोने असेच फोटो धुऊन, स्कॅन करून, मालकांना शोधायला मदत केली. ते काम काही वर्षं चाललं. भीमेला पूर आला की काठच्या वस्त्यांत पाणी शिरतं, तेव्हा ही रीत दौंडकडच्या एखाद्या स्टुडिओवाल्याला ठाऊक असावी असं वाटतं. लग्नाचा अल्बम भिजला तर लोक जाणार त्याच्याकडेच.

राहता राहिला हक्काचा भाग. ग्राहक चळवळ ही तर पुण्याचीच. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत उभी केली ती तिथेच. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक कायद्याने एक मोठी अडचण दूर केली: तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो, त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे कंपनी गुरुग्रामची असली तरी शिरूरच्या माणसाला पुण्याच्या आयोगात जाता येतं. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ग्राहक धरत नाहीत. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्याला अपवाद आहे. एकट्याने स्टुडिओ चालवणारा फोटोग्राफर त्या अपवादात बसू शकतो, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. अट एकच, बिल पाहिजे. जीएसटी वाचवायला बिलाशिवाय घेतलेली बॉडी घेऊन आयोगाच्या पायऱ्या चढता येत नाहीत.

तरी वैशाखात कुणी आयोगात जात नाही. कॅमेरा पुण्याला काउंटरवर जमा होतो, पावती खिशात जाते आणि संध्याकाळच्या हळदीसाठी त्याच पेठेतल्या दुसऱ्या स्टुडिओवाल्याला फोन लागतो. एरवी ऑर्डरीवरून तोंडं फिरवणारी ही माणसं एकमेकांना बॉडी देतात, मेमरी कार्ड मात्र ज्याचं त्याने आणायचं. भाडं ठरलेलं असतं, कधी घेतात, कधी घेत नाहीत. मुहूर्त दाट असला आणि गावातले सगळे कॅमेरे आधीच कुठल्या ना कुठल्या मांडवात अडकलेले असले, की फोन न्हावऱ्याला जातो, तिथून चौफुल्याला, आणि तिथेही नाही जमलं तर दौंडला.